मागं कॅरियर नसलेली सायकल

सोलापुरात डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पन्नाशी उलटली तरी आमच्या यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं असं दिसतं. रेल्वेच्या पुलाचा चढ हाच आमचा घाट. बाकी गाव तव्यासारखं सपाट, आणि मार्च लागला की तव्यासारखंच तापलेलं. अशा गावात एका संध्याकाळी यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता जाहीर केलं, "मी माउंटन बाइक घेणार आहे."

"कुठल्या माउंटनसाठी?" मी विचारलं.

"तब्येतीसाठी," म्हणाले, आणि तुकडा आमटीत बुडवला.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. त्यामुळं आवाज मोठा, आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येईल ही अपेक्षाच नाही. बोलायला लागले की गाडी थेट शेवटच्या स्टेशनावर थांबते. मी काम करते कॉलेजच्या ग्रंथालयात. तिथं दिवसभर गप्प बसावं लागतं, आणि तो सगळा साठा मी घरी येऊन मोकळा करते. एकाला ऐकायची सवय नाही आणि दुसरीला थांबायची नाही, असा आमचा संसार. तरी बरा चाललाय.

हे मूळचे सांगोल्याकडचे. शहरात येऊन तीसेक वर्षं झाली. पाहुण्यांत, साहेबांपुढं अगदी पुस्तकी बोलतात. पण राग आला किंवा भीती वाटली की यांची भाषा मिळेल त्या एसटीनं सांगोल्याला निघून जाते. 'आहे'चं 'हाय' झालं की मी समजते, आत काहीतरी हललंय. तोंडाकडं बघायची गरज पडत नाही.

बरं, घरात गाडी नव्हती असंही नाही. मोटरसायकल होती, आजही आहे. जिन्याखाली उभी, अंगावर जुनी सोलापुरी चादर. दर रविवारी हे ती चादर काढायचे, गाडी पुसायचे, जागच्या जागी चालू करायचे, दोनदा घुंईघुंई करायचे आणि बंद करून पुन्हा चादर घालायचे. "बॅटरी उतरू नये म्हणून," असं सांगायचे. गाडी गेटबाहेर जायची नाही. कामाला कारखान्याची बस, बाजाराला रिक्षा. हे सगळं सुरू झालं सायकलीच्या आदल्या उन्हाळ्यात, सात रस्ता चौकात.

ती गोष्ट आमच्या नात्यागोत्यात तोंडपाठ आहे, कारण मी ती फार छान सांगायचे. झालं असं, की सात रस्त्याजवळच्या एका दुकानात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकलं होतं. ते घेऊन मी आले. हे गाडीवर तयार. मी एका हातात भांडं धरून, एक पाय पायरीवर ठेवून बसायच्या बेतात होते. हे म्हणाले, "बसलीस?" आणि निघाले. उत्तर ऐकायचा विषयच नव्हता. मी रस्त्यावर, भांडं रस्त्यावर, आणि आमचे हे पुढं, डाळिंबाच्या भावावर बोलत. गावाकडं भाऊ बाग लावतोय, पाणी नाही, टँकर परवडत नाही, त्याला कोण सांगणार, वगैरे. पुढच्या चौकापर्यंत सगळं मुद्देसूद बोलले. शेवटी विचारलं, "व्हय की न्हाय?" उत्तर आलं नाही, तेव्हा मागं वळून बघितलं.

माझ्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी बसले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, कॉलेजात सांगितली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितली, तर ती हसून हसून फोन ठेवायला विसरली. "भाषणाला श्रोता नव्हता, तरी वक्ता थांबला नाही," या वाक्याला तर हमखास टाळी. हे बाजूला बसून कसनुसं हसायचे आणि पाणी प्यायला आत जायचे.

प्लास्टर निघालं, हात बरा झाला. भाकरी थापताना थोडा कुरकुरतो, एवढंच. गाडीवरची चादर मात्र निघाली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, कंबर दुखते. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर कंबर लगेच बरी. घरात दोघांनाही माहीत होतं हे काय आहे, पण बोलायचं कुणी?

मला गाडीचं काही नव्हतं. मला ती मागची सीट हवी होती. लग्न झाल्यापासून आमचं जे काही खरं बोलणं झालं ते त्या सीटवर. म्हणजे ते बोलायचे आणि मी त्यांच्या पाठीला तोंड करून उलट उत्तरं द्यायचे, जी त्यांना वाऱ्यात ऐकू यायची नाहीत. घरात समोरासमोर बसून हा माणूस चार वाक्यं बोलत नाही. गाडीवर बसला की मोकळा होतो. वर्षभर ते भाषण नव्हतं आणि घर फार शांत झालं होतं. मला शांतता कॉलेजात पगारावर मिळते, घरी फुकट नको होती. म्हणून सायकल तर सायकल, हा माणूस निदान चाकावर तरी बसतोय म्हणून मी मनातून खूश झाले. वर मात्र डोंगर कुठाय, डोंगर कुठाय असं चिडवत राहिले.

आधी नव्या सायकलींच्या दुकानात गेलो. विकणाऱ्या पोरानं विचारलं, "सर, बजेट?" हे म्हणाले, "बजेटचा प्रश्न नाही." आमच्या घरात याचा अर्थ, बजेट सोडून दुसरा प्रश्नच नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं दुकानातली सगळ्यात मोठ्या चाकांची सायकल काढली. हे तिच्यावर चढले. दोन्ही पाय लोंबकळले, बोटं फरशी शोधायला लागली. म्हशीवर बसलेलं पोर दिसतं तसे दिसत होते, फक्त पोराचं पोट एवढं नसतं.

"पाय टेकले पाहिजेत," मी म्हणाले.

"मॅडम, ह्या सायकलीची सीट उंचच असते. थांबताना पुढं उतरायचं असतं," पोरगा म्हणाला.

"हे सोलापूर आहे. इथं चालवायचं कमी आणि थांबायचं जास्त. गाय आली थांबा, रिक्षा आली थांबा, वरात आली थांबा. पाय टेकायलाच हवेत."

मग त्यानं लहान चाकांची, लहान फ्रेमची काढली. हिला एकवीस गिअर. आमची मोटरसायकल चार गिअरची, त्यातही हे कायम तिसऱ्यावर चालवायचे. एकवीसचं काय करणार, मी विचारलं. हे म्हणाले, "असू दे की, लागतील." दुसरी एक होती, तिला मागंही स्प्रिंग. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, स्वस्तात अशी घेऊ नका, नुसती जड असते आणि स्प्रिंग लवकर कुरकुरते. डिस्क ब्रेकचंही तेच सांगितलं. स्वस्त डिस्कपेक्षा साधा रबराचा ब्रेक चांगला पकडतो, आणि बिघडला तर गल्लीत कुणीही दुरुस्त करतो. हे सगळं यांनी मान हलवत ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"याला मागं कॅरियर बसतं का?"

"नाही सर. माउंटन बाइकला कॅरियर नसतं."

"अजिबात बसत नाही?"

"ओरिजिनल येत नाही."

दुसऱ्या दुकानात हाच प्रश्न. तिसऱ्या दुकानातही. नसतं म्हटलं की हे लांब श्वास सोडायचे आणि सायकलकडं पुन्हा बघायचे. मला वाटलं, बिचाऱ्यांना डबा ठेवायची सोय हवी आहे आणि मिळत नाहीये. मी ते मनात टिपून ठेवलं. बायका अशा गोष्टी मनात टिपून ठेवतात आणि मग गोंधळ घालतात.

नवी काही जमेना. परवडणारी होती ती नुसती रंगरंगोटी, दांड्यावर इंग्रजी अक्षरं मोठी आणि ब्रेक दाबला तर पत्रा वाकायचा. चांगली होती ती घेतली असती तर दिवाळी सायकलीपुढंच करावी लागली असती. मग हे मोबाइलवर जुन्या सायकलींच्या जाहिराती बघायला लागले. 'फक्त दोनदा वापरलेली' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत. महाराष्ट्रात इतक्या माणसांनी इतक्या सायकली दोन-दोनदाच वापरल्या असतील असं मला वाटलं नव्हतं.

त्यातली एक वैरागला निघाली. एसटीनं गेलो. विकणारे आमच्याच वयाचे, हायस्कूलवर शिक्षक. वजन कमी करायचं म्हणून त्यांनी नव्या वर्षाच्या सुरुवातीला सायकल घेतली होती. वजन होतं तिथंच राहिलं आणि सायकल मागच्या खोलीत गेली. आम्ही पोचलो तेव्हा हँडलवर दोन टॉवेल आणि सीटवर पोराचा शर्ट वाळत होता. त्यांची बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. दोघींना सगळं समजलं.

यांनी तपासणी सुरू केली. ती मात्र बघण्यासारखी होती. महिनाभर व्हिडिओ बघून माणूस तयार झाला होता. आधी पुढचं चाक उचलून फिरवलं, डावी-उजवीकडं डुलतं का ते बघितलं. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली, हँडल खडखडतं का त्यासाठी कान लावला. मग ती उलटी करून खालच्या जोडांवर बोट फिरवलं, कुठं तडा नाही ना. प्रत्येक गिअर पाडून बघितला. कारखान्यात टॉवेलचा ताणा तपासतात तसं तोंड केलं होतं. फ्रेम सरळ होती, जोड शाबूत होते. चेन थोडी गंजलेली, मागचा टायर उन्हानं भेगाळलेला. बसून बघितलं, तर दोन्ही पाय अख्खे जमिनीला. मी लगेच म्हणाले, हीच.

"मागं कॅरियर लावलं होतं का कधी?" यांनी शिक्षकांना विचारलं.

"छ्या हो. ह्या सायकलीला कुठलं कॅरियर?"

हे समाधानानं मान हलवून बाजूला झाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी भाव करायच्या तयारीत होते, आणि भाव करताना मला दुसरं काही दिसत नाही. भेगाळलेला टायर मी असा काही लावून धरला की जणू सायकलीला टायर सोडून काही अवयवच नाही. शिक्षक खाली यायला तयार नव्हते. शेवटी त्यांची बायकोच आतून म्हणाली, "देऊन टाका की ओ. कापडं वाळवाय दोरी हाय की आपल्याकडं." तिथं सौदा पटला. सोलापूरच्या मार्केट यार्डाला निघालेल्या कांद्याच्या पिकअपमध्ये सायकल चढवली आणि आम्ही दोघं पुढं, ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलो. घरी येईपर्यंत तिला आणि आम्हाला सारखाच वास येत होता.

दारात हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडायला हे सायकलीवर बसलेसुद्धा नाहीत, हातानं ढकलली. शेजारचे काका म्हणाले, "काय, मोटरसायकल विकली काय?" आमच्याकडं पन्नाशीचा माणूस सायकलीवर दिसला की गाव आधी त्याची परिस्थिती विचारतं. हे छाती काढून म्हणाले, "व्यायामासाठी." त्या जाड टायरांचा हा एक फायदा. बारीक टायरची सायकल असती तर काकांनी मदत देऊ केली असती.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तलावापर्यंत आणि परत. आठवड्याभरात माणसाचा रंग बदलला. घरी येऊन सांगायला लागले, आज कुठले पक्षी दिसले, कुठल्या रस्त्यावर किती खड्डे. आवाज पुन्हा मोठा झाला. एकवीस गिअरांपैकी अर्थात एकच वापरायचे. मला बरं वाटत होतं. फक्त रोज गेटपाशी उभी राहून यांची पाठ लांब जाताना बघायची, आणि त्या पाठीमागं मी नाही. हे काही मला आवडत नव्हतं.

म्हणून एका शनिवारी, हे कारखान्यात असताना, मी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडं नेली. ताडपत्रीच्या सावलीत त्याचं दुकान. घरच्यांशी तेलुगूत, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि बिघडलेल्या सायकलीशी दोन्हीत बोलतो. त्यानं आमची सायकल पुढून बघितली, मागून बघितली आणि त्याला दया आली.

"वैनी, सदरा आहे, पायजमा नाही हिला."

"कॅरियर लावून द्या. दुकानवाले बसत नाही म्हणतात."

"कोण म्हणतो? लोखंडाला लोखंड बसतंय."

मी सांगितलं होतं फक्त कॅरियर. संध्याकाळी आणायला गेले तर सायकलीला कॅरियर, दोन्ही चाकांवर मडगार्ड, जाडजूड स्टँड, पुढं जाळीची टोपली आणि हँडलला घंटी. मागं लाल काच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. डोंगर चढायला जन्मलेल्या त्या सायकलीचा त्यानं दूधवाला करून टाकला होता, आणि वर सांगत होता की एवढ्यात एवढं कोण देतं. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली. सोलापुरात कुठलीही सायकल घरी आली की पहिल्या आठवड्यात तिचं हेच होतं. कॅरियर नसलेली सायकल म्हणजे खिसा नसलेली चड्डी, असं आमच्या वडिलांचं मत होतं.

"मजबूत आहे ना?" मी कॅरियर दाबून विचारलं.

"सिमेंटचं पोतं ठेवा," मेस्त्री म्हणाला. मग माझ्याकडं एकदा नीट बघून म्हणाला, "माणूस पण बसतंय."

हे घरी आले. सायकल जिन्यापाशी उभी, नवरीसारखी नटलेली. मी चहा टाकायचं सोडून दारात उभी राहिले, आता हे काय म्हणतात ते ऐकायला. यांनी टोपलीकडं बघितलं नाही, घंटीकडं बघितलं नाही. मागं गेले, कॅरियरवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"ह्ये काय केलंस?"

एसटी सुटली, मी मनात म्हणाले. "कॅरियर. तुम्हाला हवं होतं ना? प्रत्येक दुकानात विचारत होता."

"बसत न्हाय न्हवं, ते इचारत हुतो."

"म्हणजे?"

"मागं जागाच नसंल अशी पायजे हुती मला. म्हनून तर ही घेतली." त्यांचा हात कॅरियरवर तसाच होता. "मागं जागा असली की कुनीतरी बसतंय. आन मी काय वळून बघनारा मानूस न्हाय."

मला वाईट वाटलं आणि राग आला, आणि दोन्ही इतकं एकदम आलं की आधी कुठलं बाहेर काढावं ते कळेना. शेवटी राग निघाला, तो सवयीचा आहे.

"पडले मी. हात मोडला माझा. आणि मागं बसायचं नाही हे तुम्ही ठरवणार? मला कुणी विचारलं?"

"तू हसत सांगतीस समद्यांस्नी," हे म्हणाले. ओरडून नाही, हळू. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "मला न्हाय हसू येत. मी मागं वळून बघितलं, तवा सीट रिकामी हुती. चौकापासनं परत येस्तोवर मला म्हाईत न्हवतं तू हायस का न्हाईस."

आणि पाणी प्यायला आत गेले.

गोष्ट चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण मी ती नेहमी माझ्या जागेवरून सांगत होते, रस्त्यावर बसून, मिक्सरच्या भांड्याशेजारी. मला माहीत होतं की मी जिवंत आहे. चौकातून उलटी गाडी मारत येणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं, आणि वर्षभर आम्ही सगळे त्याच्या तोंडासमोर टाळ्या देत होतो. त्या दिवशी चहा मी दोनदा उकळवला आणि दोन्ही वेळा सांडला.

कॅरियर रविवारी काढून आणतो, असं हे म्हणाले. रविवारी मेस्त्रीचं दुकान बंद. पुढच्या रविवारी पाहुणे. असं करत कॅरियर राहिलं. पण त्यावर हे साधा डबासुद्धा ठेवायचे नाहीत, तो पाठीवरच्या पिशवीत. कॅरियर मोकळं ठेवून गावभर फिरायचे. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पिऊ दे, मी मनात म्हटलं. आणि ज्वारीचा डबा भरला.

"दळण आणा," मी एवढंच म्हणाले. "माझा हात दुखतोय."

हात दुखत नव्हता. यांनी डबा पाठीवर घेता येतो का बघितलं, हँडलला अडकवता येतो का बघितलं. टोपलीत तो मावेना. शेवटी कॅरियरवर ठेवला आणि रबरी ट्यूबनं असा बांधला की चक्रीवादळात कॅरियर गेलं असतं पण डबा गेला नसता. मी गच्चीवरून बघत होते. दहा पावलं गेले की थांबायचे, वळून बघायचे, डब्याला हात लावायचे. पुन्हा दहा पावलं. गिरणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ते दळण आणायला यांना इतका वेळ लागला की मी आमटीला दुसऱ्यांदा फोडणी दिली असती तरी चाललं असतं. गिरणीवाला नंतर मला म्हणाला, "वहिनी, साहेबांना सांगा, पीठ पळून जात नाही."

"सांगू नका," मी म्हणाले. "त्यांना बघू द्या."

महिना दीड महिना असं दळण येत-जात राहिलं. आमच्या घरात तेव्हा इतकं पीठ साठलं की मी शेजाऱ्यांना वाटत सुटले. थांबणं कमी कमी होत गेलं. वळून बघणं राहिलं, पण चालत्या सायकलीवरून.

मग एका रविवारी मीही बरोबर गेले. जाताना हे सायकल हातात धरून चालत, डबा कॅरियरवर, मी शेजारून. दळण झालं. गिरणीवाल्यानं गरम पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवला. हे सायकलीवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून ट्यूब सोडवत होते. मी डबा उचलला नाही. कॅरियरवर हात ठेवला, एका अंगानं बसले आणि पुढं सीटची स्प्रिंग धरली.

सायकल थोडी दबली. हे जागच्या जागी ताठ झाले.

"दळण?" यांनी पुढं बघतच विचारलं.

"राहू दे इथं. पीठ पळून जात नाही."

गिरणीवाला पट्टा बंद करून आमच्याकडं बघत होता. रांगेतल्या दोन बायका बघत होत्या. दोघांची मिळून शंभरी उलटलेली, आणि दूधवाल्याच्या सायकलीवर. मला जरा लाज वाटली, पण उतरले असते तर पुन्हा बसायला मिळालं नसतं. मी बसून राहिले. यांची पाठ माझ्या तोंडासमोर होती, तीच, मानेपाशी घामेजलेली. वर्षभरात मी ती इतक्या जवळून बघितली नव्हती, आणि मला ती किती हवी होती ते मला तेव्हा कळलं.

"बसलीस?"

"हं."

सायकल हलली नाही. यांनी मान वळवली. माझे पाय बघितले, ओढणी चाकात नाही ना ते बघितलं, स्प्रिंगवरचा हात बघितला. सगळ्यात शेवटी तोंड बघितलं. मग पुढं वळले आणि निघाले.

पहिल्यांदा डुललो. हँडल इकडं, आम्ही तिकडं. एकवीसपैकी कुठला गिअर पडला होता देव जाणे, पेडल गरगर फिरत होतं आणि सायकल मुंगीच्या पावलानं चालली होती. मी भाषणाची वाट बघत होते. भावाची बाग, टँकर, काहीतरी निघेल म्हणून. काहीच निघेना.

"हायस?"

"आहे."

थोडं पुढं गेलो.

"हायस का?"

"आहे की."

प्रत्येक वेळी विचारलं की पाय थांबायचे. सायकल तेवढी नुसती घरंगळायची. माझं उत्तर आलं की पेडल पुन्हा फिरायचं. या माणसानं आजवर मला हजार प्रश्न विचारले असतील, एकाचंही उत्तर ऐकायला थांबला नव्हता. मी मुद्दाम एकदा उशीर करून बघावं असं मनात आलं होतं. केला नाही. विचारायच्या आधीच एकदा म्हणाले, "आहे, अहो."

आमचं गेट आलं. काका दारात पेपर वाचत उभे होते. गेट गेलं.

"अहो, घर मागं राहिलं."

"ऱ्हाऊ दे की," हे म्हणाले. "तू हायस न्हवं?"